जमैका वाइन हाउस: लंडनच्या सिटीतल्या बोळात दडलेल्या पबला कसं जायचं

लंडनला आलेले आपले बहुतेक लोक बिग बेन, टॉवर ब्रिज, लंडन आय एवढं करून परततात. ‘सिटी’त, म्हणजे बँका आणि विमा कंपन्यांच्या त्या जेमतेम चौरस मैलात, मुद्दाम कोणी फिरकत नाही. गेलंच तर काचेच्या उंच इमारतींचे फोटो काढून निघतात. त्या इमारतींच्या पायथ्याशी मध्ययुगापासून चालत आलेल्या बोळांचं जाळं अजून शाबूत आहे, आणि त्यातल्या एका बोळात जमैका वाइन हाउस हा पब आहे. आसपासच्या ऑफिसांतले लोक त्याला ‘जॅमपॉट’ म्हणतात. याच जागी १६५२ साली लंडनमधलं पहिलं कॉफीहाउस सुरू झालं. आज उभी असलेली तांबड्या दगडाची इमारत १८८५ची आहे आणि सरकारदरबारी वारसा म्हणून नोंदलेली आहे.

मुंबई-पुण्याहून कोणी लंडनला आलं आणि ‘एकच पब दाखव’ म्हणालं, तर मी याच पबचं नाव घेते. इथली बिअर शहरात सगळ्यात चांगली आहे असा माझा दावा नाही. पण हा पब, त्याच्या समोरचा बोळ, शेजारचं चर्च आणि दोन मिनिटांवरचा बाजार एका दुपारी पाहिला की सिटी हे प्रकरण कुठून सुरू झालं ते नीट कळतं. दारू पीत नसाल तरी जा. त्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

आधी वार ठरवा

सगळ्यात जास्त लोक इथंच चुकतात. पर्यटक शनिवारी-रविवारी मोकळे असतात आणि नेमकी त्याच दिवशी सिटी रिकामी असते. इथे राहणारे लोक फार थोडे. बाकी सगळे कामाला येणारे. म्हणून इथले बरेच पब सोमवार ते शुक्रवारच चालतात, आणि जमैका वाइन हाउस त्यातलाच एक आहे. शनिवार-रविवारी गेलात तर बंद दार आणि सुनसान बोळ पाहून परतावं लागेल. बँक हॉलिडेच्या, म्हणजे सार्वजनिक सुट्टीच्या सोमवारी आणि नाताळ ते नवीन वर्ष या आठवड्यातही तीच गत. निघण्याआधी पबच्या वेबसाइटवर त्या दिवसाची वेळ पाहून घ्या. खासगी पार्टीसाठी जागा राखून ठेवली असेल तर तेही कळतं.

कामाच्या दिवसांतही फरक आहे. कोविडनंतर ऑफिसला यायचे दिवस प्रामुख्याने मंगळवार, बुधवार, गुरुवार असे ठरून गेले आहेत. गुरुवारी संध्याकाळी तर अख्खी सिटी पबमध्ये असते. ती गर्दी बघायचीच असेल तर गुरुवारी साडेपाचला जा. बोळात सूटबूट घातलेली माणसं हातात ग्लास धरून खांद्याला खांदा लावून उभी असतात. बसायला मिळणार नाही, बोलणं ऐकू येणार नाही, पण दृश्य पाहण्यासारखं असतं.

पब नीट बघायचा असेल, लाकूडकाम न्याहाळायचं असेल, दोन घटका बसायचं असेल, तर माझं ठाम मत आहे: सोमवार किंवा मंगळवार, दुपारी अडीच ते साडेचार. बारा ते दोन जेवणाची झुंबड असते आणि पाचनंतर ऑफिसं सुटतात. मधल्या वेळात कोपऱ्यातली जागा मिळते आणि बारमागच्या माणसालाही दोन शब्द बोलायला फुरसत असते.

ऋतूचा विचार करायचा तर मला नोव्हेंबर-डिसेंबर आवडतो. चार वाजता अंधारून येतं, बोळातले दिवे लागतात आणि आतलं गडद लाकूड उबदार वाटतं. जून-जुलैत उलट मजा आहे: रात्री नऊपर्यंत उजेड असतो आणि लोक आत थांबतच नाहीत.

स्टेशनपासून दारापर्यंत

जवळचं स्टेशन बँक. सेंट्रल आणि नॉर्दर्न या ट्यूबच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या लाइनी आणि डीएलआर ही हलकी रेल्वे इथे येतात. डिस्ट्रिक्ट किंवा सर्कल लाइननं आलात तर मॉन्युमेंटला उतरा, दोन्ही स्टेशनं आतून जोडलेली आहेत. हीथ्रोवरून किंवा ईलिंग-साउथॉलकडून येत असाल तर एलिझाबेथ लाइननं थेट लिव्हरपूल स्ट्रीटला या आणि तिथून दहा मिनिटं चाला. तिकीट काढायची गरज नाही. कॉन्टॅक्टलेस कार्ड किंवा फोन आत जाताना आणि बाहेर पडताना टेकवायचा. दोन्ही वेळा तेच कार्ड किंवा तोच फोन वापरा. जाताना कार्ड आणि येताना फोन असं केलंत तर यंत्रणेला ते दोन वेगवेगळे, अर्धवट प्रवास वाटतात आणि दोन्हींचं जास्तीत जास्त भाडं कापलं जातं. कामाच्या दिवशी संध्याकाळी चार ते सात या वेळात भाडंही चढं असतं.

बँक स्टेशन मोठं आहे आणि बाहेर पडायच्या वाटा पुष्कळ. ‘रॉयल एक्स्चेंज’ किंवा ‘कॉर्नहिल’ अशी पाटी दिसेल तिकडून वर या. घोड्यावर बसलेल्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनचा पुतळा आणि त्यामागे मोठाल्या खांबांची इमारत दिसली की ठिकाणावर आलात. ही रॉयल एक्स्चेंज. टॉमस ग्रेशम या व्यापाऱ्यानं सोळाव्या शतकात व्यापाऱ्यांना जमायला जागा म्हणून ती बांधली. आजची इमारत तिसरी, १८४४ची. तिच्याकडे तोंड करून उभे राहिलात तर डाव्या हाताला थ्रेडनीडल स्ट्रीट आणि बँक ऑफ इंग्लंड, उजव्या हाताला कॉर्नहिल हा रस्ता. आपल्याला कॉर्नहिल धरायचा.

फोनमधला नकाशा इथे फार उपयोगाचा नाही. उंच इमारतींमुळे तो निळा ठिपका एका गल्लीतून दुसरीत उड्या मारतो. त्यापेक्षा खुणा लक्षात ठेवा.

सुरुवातीला डाव्या, म्हणजे रॉयल एक्स्चेंजच्या बाजूच्या फुटपाथनं चाला. रस्त्याच्या मधोमध टोपी घातलेल्या एका माणसाचा पुतळा दिसेल. हे जेम्स हेन्री ग्रेटहेड, जमिनीखाली बोगदे खणण्याच्या ज्या तंत्रामुळे ट्यूब शक्य झाली त्यातले मोठे अभियंते. पुतळ्याचा चौथरा म्हणजे प्रत्यक्षात खालच्या बँक स्टेशनची हवा खेळती ठेवणारा झरोका आहे. जवळच फुटपाथवर १७९९चा एक जुना हातपंप उभा आहे. त्यावरचा मजकूर जरूर वाचा. पंपासाठी ज्यांनी वर्गणी दिली त्यांत बँक ऑफ इंग्लंड, आसपासच्या आगविमा कंपन्या आणि ईस्ट इंडिया कंपनी ही नावं आहेत. १७९९ म्हणजे याच कंपनीच्या फौजेपुढे श्रीरंगपट्टण पडलं ते वर्ष. ती कंपनी इथे मात्र गल्लीतल्या पाण्याच्या पंपाला वर्गणी देणारी एक शेजारीण होती. मला ही चार ओळींची पाटी सिटीतल्या कुठल्याही भव्य स्मारकापेक्षा मोलाची वाटते.

आता रस्ता ओलांडून उजव्या फुटपाथवर या. आधी चेंज अ‍ॅली, मग बर्चिन लेन लागेल. पुढे ३२ क्रमांकाचं दार पाहून घ्या. लाकडात कोरलेल्या आठ चौकटींतून कॉर्नहिलचा इतिहास दाखवला आहे. काम १९३९चं. तिथून चाल मंद करा. बॉल कोर्टचं तोंड इतकं अरुंद आहे की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावं लागतं. ते मागे टाकलं की सेंट मायकल चर्चचं कोरीव प्रवेशद्वार दिसतं, बाहेर देवदूताचा ब्राँझचा पुतळा आहे. पहिल्या महायुद्धात गेलेल्यांचं ते स्मारक. या प्रवेशद्वाराच्या थोडं अलीकडे जो बोळ आत जातो तो सेंट मायकल्स अ‍ॅली. चर्च ओलांडून पुढे गेलात तर चुकलात असं समजा आणि चार पावलं मागे या.

लिव्हरपूल स्ट्रीटकडून येणाऱ्यांनी बिशप्सगेटनं सरळ दक्षिणेला यायचं आणि चौकात उजवीकडे कॉर्नहिलला वळायचं. त्यांना डाव्या हाताला आधी सेंट पीटर, मग सेंट मायकल आणि त्यानंतर बोळ लागतो.

आत जाण्याआधी बोळात थांबा

बोळात शिरल्यावर लगेच दार उघडू नका. आधी भिंतीवरची पहिल्या कॉफीहाउसची पाटी शोधा. त्या पाटीमागची गोष्ट माहीत असेल तर आत बसण्याला अर्थ येतो, म्हणून थोडी सविस्तर सांगते.

डॅनियल एडवर्ड्स नावाचा एक इंग्रज व्यापारी तुर्कस्तानातल्या स्मिर्नाशी, म्हणजे आजच्या इझमिरशी व्यापार करायचा. तिकडून परतताना त्यानं पास्क्वा रोझे नावाचा नोकर सोबत आणला. हा नोकर रोज मालकाला कॉफी करून द्यायचा. ती चाखायला घरी माणसांची इतकी रीघ लागली, की एडवर्ड्सनं रोझेला चर्चच्या आवारालगत कॉफीचं दुकान घालून दिलं. दुकानावर पाटी होती खुद्द रोझेच्या चेहऱ्याची. धंदा चालला तशी आसपासच्या बिअर विकणाऱ्यांची पोटदुखी सुरू झाली. त्यांनी मेयरकडे तक्रार केली, की हा माणूस परका आहे, याला सिटीत धंदा करायचा हक्क नाही. मग हक्क असलेला एक इंग्रज, ख्रिस्टोफर बोमन, भागीदार म्हणून घेतला आणि दुकान टिकलं. त्या काळचा प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युअल पेपिस पहिल्यांदा कॉर्नहिलच्या कॉफीहाउसात गेल्याची नोंद आपल्या रोजनिशीत करतो ती डिसेंबर १६६०ची. तिथली तऱ्हेतऱ्हेची माणसं आणि त्यांच्या गप्पा त्याला फार आवडल्या होत्या.

१६६६च्या आगीत हा सगळा भाग जळाला. पुन्हा बांधताना घरं विटा-दगडांची झाली, पण रस्ते आणि बोळ बहुतेक जुन्याच जागी राहिले, कारण प्रत्येकाला आपली जमीन होती तिथेच हवी होती. १७४८ साली चेंज अ‍ॅलीत पुन्हा मोठी आग लागली आणि कॉर्नहिलची जवळपास शंभर घरं गेली; बोळ त्यातूनही उरले. तुम्ही उभे आहात त्या जागेची रुंदी आणि वळण म्हणूनच इतकं जुनं आहे.

आगीनंतर इथे कॉफीहाउसांचं पेवच फुटलं. एक पेनी द्यायची आणि कॉफी, वर्तमानपत्र, गप्पा सगळं मिळवायचं. सरकारविरोधी बोलणं वाढलं म्हणून दुसऱ्या चार्ल्स राजानं १६७५च्या डिसेंबरात कॉफीहाउसं बंद करायचा हुकूम काढला; इतका गदारोळ झाला की थोड्याच दिवसांत तो मागे घ्यावा लागला. प्रत्येक धंद्याचं आपलं कॉफीहाउस ठरलेलं होतं. जहाजांचा विमा उतरवणारे एडवर्ड लॉइडच्या दुकानात जमत, त्यातून पुढे लॉइड्स ही विम्याची बाजारपेठ उभी राहिली. शेअरवाले चेंज अ‍ॅलीतल्या जोनाथन्समध्ये बसत, त्यातून लंडनचा शेअरबाजार. मुंबईत टाउन हॉलसमोरच्या वडाखाली दलाल जमत आणि त्यातून दलाल स्ट्रीट झाला, तोच प्रकार इथे दीडशे वर्षं आधी घडत होता.

या बोळातलं जमैका कॉफीहाउस हे नावाप्रमाणे जमैकाशी व्यापार करणाऱ्यांचं होतं. तो व्यापार साखरेचा होता, आणि ती साखर आफ्रिकेतून पकडून नेलेल्या गुलामांच्या श्रमावर पिकत होती. जहाजमालक, मळेवाले आणि त्यांचे अडत्ये इथे बसून सौदे करत. १८३३ साली ब्रिटिश संसदेनं गुलामी रद्द करायचा कायदा केला तेव्हा २ कोटी पौंडांची भरपाई ठरली; ती मालकांना मिळाली, गुलामांच्या हाती काहीच आलं नाही. पबच्या दारावर आजही जमैकाचं नाव आहे. बाहेरून फोटो काढताना ते कशामुळे आहे हे ठाऊक असलेलं बरं, आणि मुलं सोबत असतील तर त्यांना सांगावंही.

दार उघडल्यावर

आत सगळीकडे गडद महोगनी. मोठं दालन नाही. लाकडी आडोशांनी बारच्या समोरची जागा छोट्या छोट्या खणांत विभागली आहे. जुन्या इंग्लिश पबमध्ये अशी विभागणी असायची, म्हणजे एका खणात चाललेला सौदा शेजारच्याला ऐकू जाऊ नये आणि साहेबाला आपला कारकून दिसू नये. पुढे बहुतेक ठिकाणी हे आडोसे पाडून एकच खोली केली गेली. इथे ते टिकले आहेत, म्हणून आडोशाच्या लाकडाला हात लावून बघा.

आता रीत. दारात उभं राहून कोणी बसवील याची वाट बघू नका. कोणी येणार नाही. जागा दिसली तर एकानं बसावं, दुसऱ्यानं बारवर जावं. ऑर्डर बारवरच द्यायची, पैसे तिथेच द्यायचे, ग्लास स्वतः घेऊन यायचे. बारसमोर सरळ रांग क्वचितच असते, पण कोण कोणाच्या आधी आलं हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं असतं. तुमच्या आधीच्या माणसाला सोडून तुम्हाला विचारलं तर ‘यांचा नंबर आधी’ असं खुणेनं सांगा. हे सौजन्य इथे फार मानलं जातं. हात हलवणं, टिचकी वाजवणं, नोट नाचवणं, मोठ्यानं हाक मारणं चालत नाही. बारवाल्याची नजर तुमच्यावर पडेल अशा जागी उभे राहा, नजरानजर झाली की मान हलवा, पुरे.

चार-पाच जण एकत्र असाल तर ‘राउंड’ची पद्धत पाळा. एक जण सगळ्यांसाठी घेतो, पुढच्या खेपेला दुसरा. प्रत्येकानं वेगळी ऑर्डर आणि वेगळं कार्ड हे गर्दीच्या वेळी बारवाल्याला आणि मागच्या लोकांना नकोसं होतं. कोणी इंग्रज सहकाऱ्यानं तुमच्यासाठी घेतलं असेल तर तुमचा राउंड झाल्याशिवाय निघू नका. बारवर टिप देण्याची अपेक्षा नसते. जेवण टेबलावर आलं तर बिलात सेवाशुल्क आधीच लावलंय का ते पाहा. लावलं असेल तर वर आणखी द्यायची गरज नाही.

काय मागायचं

हा पब शेफर्ड नीम या केंट परगण्यातल्या कंपनीचा आहे. १६९८ हे स्थापनेचं वर्ष ती सांगते आणि ब्रिटनमधली सगळ्यात जुनी बिअर कंपनी म्हणवते. नावात ‘वाइन’ असलं तरी इथली खरी ओळख तिची एल, म्हणजे पारंपरिक इंग्लिश बिअर आहे. स्पिटफायर आणि मास्टर ब्रू ही तिची ठरलेली नावं. दुसऱ्या महायुद्धातल्या ‘बॅटल ऑफ ब्रिटन’ या हवाई लढाईला पन्नास वर्षं झाली तेव्हा, १९९० साली, स्पिटफायर बाजारात आली. त्या दिवशी पंपावर काय आहे ते पाहून मागा.

भारतातून आलेल्यांची इथे एक तक्रार हमखास असते: बिअर कोमट आणि बेचव आहे. ती तशी नाही, ती वेगळी आहे. कास्क एल पिंपातच शेवटपर्यंत आंबत राहते, तळघरात साधारण ११ ते १३ अंशाला ठेवतात आणि वायूच्या दाबाशिवाय हातानं खेचून काढतात. बारवरची ती लांब लाकडी मूठ म्हणजे हँडपंप. बारवाली व्यक्ती ग्लास तिरका धरते, मूठ सावकाश पण एका दमात खाली ओढते, पुन्हा ओढते. ग्लासात आधी सगळा तपकिरी धुरळा उठल्यासारखं दिसतं, मग खालून वर एकेक थर निवळत जातो आणि वर पातळ फेस राहतो. निवळेपर्यंत ग्लासाला हात लावू नका. फेस फारच जाड असेल तर थोडी आणखी भरून मागता येते, त्यात गैर काही नाही. पहिला घोट थंडगार बिअरच्या अपेक्षेनं घेतलात तर निराश व्हाल. लहान घोट घेत राहा. दहा मिनिटांनी माल्टची गोडी आणि मागाहून येणारा हॉप्सचा कडवटपणा वेगवेगळा कळायला लागतो.

आवडेल की नाही याची खात्री नसेल तर चव मागा. कास्क एलचा एखादा घोट विनाशुल्क देण्याची पद्धत आहे, फक्त गर्दीच्या वेळी तीन-तीन चवी मागू नका. त्यानंतर अर्धा पाइंट घ्या. पाइंट म्हणजे ५६८ मिलीलिटर, अर्धा २८४. अर्धा मागण्यात कमीपणा अजिबात नाही. थंडच हवी असेल तर लागर मागायची. वाइन १२५, १७५ किंवा २५० मिलीलिटरच्या मापात मिळते. नुसतं ‘लार्ज’ म्हणालात तर बाटलीचा तिसरा हिस्सा समोर येईल. व्हिस्की-जिनचा पेग बहुधा २५ मिलीलिटरचा, म्हणजे आपल्याकडच्या ३०च्या पेगपेक्षा लहान. पाइंटला या भागात सहा-सात पौंड धरून चला.

शाकाहारी आणि वारकरी घरांतल्या वाचकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. पारंपरिक कास्क एल निवळवायला आयझिंग्लास वापरतात, आणि ते माशाच्या वायुकोशापासून बनतं. ते तळाशी बसतं, ग्लासात जवळपास काही उतरत नाही, पण ज्यांना ते चालणार नाही त्यांनी ‘व्हीगन आहे का’ असं सरळ विचारावं. हा प्रश्न आता सगळ्या पबमध्ये रोजचा आहे.

दारू न पिणाऱ्यांनी संकोच करू नये, हे मला पुन्हा सांगावंसं वाटतं. पबमध्ये लाइम अँड सोडा मागणारे, चहा-कॉफी घेणारे, शून्य अल्कोहोलची बिअर पिणारे लोक रोज असतात. कोणी कारण विचारत नाही, आग्रह करत नाही. लाइम अँड सोडा बहुतेक वेळा सगळ्यात स्वस्त पडतो. लंडनमधल्या पहिल्या कॉफीहाउसच्या जागेवर बसून कॉफी प्यायची असेल तर त्याहून योग्य काय असणार?

खाण्याचं मात्र नीट वाचून मागा. नावांवरून आपल्याला अंदाज येत नाही. कॉटेज पायमध्ये गोमांस असतं, शेफर्ड्स पायमध्ये मेंढीचं; स्टेक अँड एल पाय गोमांसाचाच. बँगर्स, गॅमन, स्कॉच एग, पोर्क स्क्रॅचिंग्ज हे डुकराचे प्रकार. चिप्स शाकाहारी असतीलच असं नाही. काही ठिकाणी त्या चरबीत तळतात, काही ठिकाणी माशाच्याच कढईत. विचारलं की नीट उत्तर मिळतं, कारण अ‍ॅलर्जीच्या माहितीबाबत इथले कायदे कडक आहेत. मी स्वतः जेवणाऐवजी पेयाबरोबर काहीतरी किरकोळ घेणं पसंत करते आणि पोटभर जेवायचं दुसरीकडे ठेवते.

वय, मुलं, पैसे

दारूसाठी वय १८ पूर्ण लागतं, पण पंचविशीच्या आतले दिसत असाल तर ओळखपत्र मागतात. आधार कार्ड चालेल असं समजू नका, पासपोर्ट जवळ ठेवा. मुलांना मोठ्यांसोबत दुपारी बहुतेक पबमध्ये येऊ देतात, संध्याकाळच्या गर्दीत नको. तरीही आधी फोन करून विचारलेलं चांगलं. आई-बाबा सोबत असतील आणि पायऱ्यांचा त्रास असेल, तर इमारत जुनी आहे हे लक्षात घेऊन तेही फोनवरच विचारा. मोठ्या बॅगा घेऊन जाऊ नका, आडोशांमध्ये ठेवायला जागा नाही. सिटीत रोख पैसे न घेणारे पब वाढले आहेत, म्हणून कार्ड हवंच. सिगारेट आत कुठेच ओढता येत नाही, २००७पासून बंदी आहे. उन्हाळ्यात ग्लास घेऊन बोळात उभे राहाल तेव्हा चर्चकडे जाणारी वाट अडवू नका आणि ग्लास घेऊन पुढच्या रस्त्यावर जाऊ नका.

पबला जोडून काय बघाल

सोमवारी जात असाल तर दुपारी एकला सेंट मायकल चर्चमध्ये ऑर्गनवादन असतं. १९१६पासून चालत आलेला हा उपक्रम आहे. त्या आठवड्याचा कार्यक्रम चर्चच्या वेबसाइटवर पाहा. ऐकून झालं की जेवणाची गर्दी ओसरलेली असते आणि तुम्ही बोळातच असता. माझ्या मते दिवस आखायचा तर असाच आखावा.

पबमधून निघाल्यावर आल्या वाटेनं परतू नका. कॅसल कोर्टकडे वळा, तिथून बोळाबोळांतून बर्चिन लेनकडे जाता येतं. त्याच बाजूला बेंगाल कोर्ट नावाचा एक अगदी चिंचोळा बोळ आहे. पाटीचा फोटो घेण्यासारखा. इथे दहा मिनिटं चुकायची तयारी ठेवा, कारण कुठूनही बाहेर पडलात तरी कॉर्नहिल, लोंबार्ड स्ट्रीट किंवा ग्रेसचर्च स्ट्रीट यांपैकी एक समोर येतोच.

ग्रेसचर्च स्ट्रीट ओलांडला की लेडनहॉल मार्केट. रंगवलेलं लोखंड आणि काचेचं छत असलेला हा बाजार १८८१चा, हॉरेस जोन्स यांनी बांधलेला, आणि खाली रोमन लंडनच्या मोठ्या सभागृहाचे अवशेष आहेत. आत लँब टॅव्हर्न हा १७८०पासूनचा पब आहे. जमैकात जागाच मिळाली नाही तर इथे या. शनिवार-रविवारशिवाय जमणारच नसेल तर मात्र सिटीच्या पश्चिम टोकाला ब्लॅकफ्रायर्स स्टेशनसमोरचा ब्लॅक फ्रायर गाठा. तो आठवडाभर उघडा असतो आणि आतलं संगमरवर आणि तांब्याचं भिंतीवरचं काम थक्क करणारं आहे.

बाजारातून लेडनहॉल स्ट्रीटकडे बाहेर पडलात की पाइप आणि जिने बाहेर काढलेली लॉइड्सची इमारत दिसते. त्या जागी ईस्ट इंडिया कंपनीचं मुख्यालय, ईस्ट इंडिया हाउस, होतं. मराठी माणसानं इथे दोन मिनिटं थांबावं. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना कंपनीनं १८३९मध्ये पदच्युत केलं, तेव्हा त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला आले आणि या कंपनीच्या दारात तेरा-चौदा वर्षं झगडत राहिले. अर्ज केले, सभांत प्रश्न उपस्थित करवले, इंग्रज मित्र जोडले, पत्रकं छापली. महाराज १८४७मध्ये वारले तरी ते मागे हटले नाहीत. १८५३मध्ये ते रिकाम्या हातानं परतले, आणि १८५७मध्ये साताऱ्याच्या गेंडामाळावर त्यांच्या मुलाला फाशी झाली. ईस्ट इंडिया हाउस पुढे १८६०च्या दशकाच्या सुरुवातीला पाडलं गेलं. तिथे उभं राहून कोणाला काही दाखवता येत नाही, फक्त सांगता येतं, आणि मी प्रत्येक पाहुण्याला सांगते.

सगळं मिळून साडेतीन-चार तास धरा. एकला ऑर्गन, अडीचपर्यंत बोळ आणि पंप, मग पब, चारला लेडनहॉल. पबमधून निघताना रिकामे ग्लास बारवर नेऊन ठेवा. सक्ती नाही, पण बारवाले ‘चीअर्स’ (इथे अर्थ ‘धन्यवाद’) म्हणतात तेव्हा मनापासून म्हणतात. रात्री उशिरापर्यंत थांबलात तर शेवटच्या ऑर्डरची घंटा होते, त्यानंतर ग्लास संपवायला थोडा वेळ मिळतो. घरी जायला बँकचं कॉर्नहिलवरचं तोंड जवळ आहे. संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास मात्र तिथे शिरू नका, लिव्हरपूल स्ट्रीटपर्यंत चाला आणि तिथून गाडी पकडा.